चिंचोक्यांना आठवण नसते

मने,

शिमगा आला की आमच्या कणगीच्या तळाला हात लागायचा. माले गावात आमची दोनच खाचरं, एक ओढ्याकाठी आणि एक पार टेकाडाखाली. भात चांगलं यायचं, पण जमीनच तेवढी. पुढचे महिने आई दुसऱ्याच्या रानात जायची आणि आप्पा एका बंगल्याच्या राखणीला. शनिवार-रविवारी उघडणारा बंगला. बाकीचे दिवस आप्पा त्याच्या बंद खिडक्या राखायचे, आणि आमच्या स्वतःच्या घराला दाराच्या जागी पत्रा टेकवलेला. घरात वाचता येणारं कुणी नव्हतं. खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन आई शेजारी जायची; शेजारी कुणी नसलं तर अंदाजानं झाकणभर पाजायची. माझं सगळं लहानपण असं अंदाजावर निभावलंय.

तुमचं त्याहून वर. डोंगरात वर आणि हालांतही वर. तुमच्या वाडीला रस्ता नव्हता, अजूनही नाही. उन्हाळ्यात तू आईबरोबर करवंदांचे द्रोण घेऊन खाली रस्त्याला बसायचीस. पुण्याच्या गाड्या थांबायच्या, काच खाली करून बाया विचारायच्या, "गोड आहेत ना?" तू म्हणायचीस, "न्हाई, आंबट हायेत. तोंड वाकडं झालं तर पुना सांगाया येऊ नका." तुझी आई तुला चिमटा काढायची. तरी द्रोण संपायचे.

गणिताच्या मॅडम म्हणाल्या, कॉलेजच्या अंकात मनीषावर तू लिही. जन्म, गाव, शिक्षण, स्वभाव मनमिळाऊ असं लिहितात तसं. मी म्हटलं, ती मनमिळाऊ नव्हती. भांडकुदळ होती. तिच्याशी माझं एक भांडण अर्धं राहिलंय. मॅडम म्हणाल्या, मग तेच लिही.

म्हणून लिहितेय. तू नाहीस हे मला अजून वाक्यात लिहिता येत नाही. "मनीषा होती" असं लिहिलं की पेन थांबतं. म्हणून तुझ्याशीच बोलते.

गणित नको म्हणून तर आपण दोघींनी कला शाखा घेतली होती. आणि पहिल्याच वर्षी वेळापत्रकात तेच: व्यावहारिक गणित आणि संख्यात्मक विचार. तिन्ही वर्षं, सगळ्यांना सक्तीचं. आपली तोवर ओळखही नव्हती. नोटिशीच्या फळ्यापुढं तू माझ्या शेजारी उभी होतीस आणि कुणालाच उद्देशून नाही अशी बोललीस, "भुताला भिऊन देवळात शिरावं, तर भूत गाभाऱ्यात बसलेलं." मी हसले. तू माझ्याकडं वळून विचारलंस, "तू कुठली? मालेची? मग सकाळी त्याच गाडीला की." झाली मैत्री.

ती गाडी. रात्री फाट्यावर मुक्कामाला येणारी आणि सकाळी पौडकडं निघणारी. तुझ्या बाबांनी तुला कॉलेजला धाडलं ते त्या गाडीच्या भरवशावर. माझ्या आप्पांनीही. आपल्या दोन्ही घरांत कॉलेजची पायरी चढणाऱ्या आपण पहिल्या. गाडीची पायरी चढल्याशिवाय ती पायरी येत नव्हती.

मॅडम पुण्याजवळच्या सूसवरून स्कूटीवर यायच्या. हेल्मेट टेबलावर ठेवायच्या आणि खडू हातात घ्यायच्या आधी प्रश्न टाकायच्या. पहिल्या तासाला तुला उठवलं. "तुमच्या घराला दिवसाला पाणी किती लागतं?"

"जेवढं असंल तेवढं."

वर्ग हसला. पौडच्या पोरी जरा जास्तच हसल्या. तू बसली नाहीस. "हसू नगा. डोक्यावरून आणायचं असलं तर दोन हंडं लागत्यात. उद्या नळ आला तर धा लागतील. मंजी आमाला किती लागतं, ते कसं सांगायचं?"

मॅडम हसल्या नव्हत्या. त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, "जेवढं असेल तेवढं", त्याला चौकट केली आणि म्हणाल्या, "हे वर्षभर पुसू नका. मोठ्या मोठ्या साहेबांना हे कळत नाही." दुसऱ्या दिवशी शिपाईमामांनी फळा धुतला. तू त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाहीस.

सरासरी तुला कधी पटली नाही. मॅडम शिकवत होत्या, बेरीज करा, भागा. तू हात वर केलास. "मॅडम, आमची आय एक येळ जेवली आन् बंगल्यावरची बाय तीन येळा जेवली, तर सरासरी दोन येळा झाली न्हवं?"

"झाली."

"मग आमच्या आयला सांगू का, तू दोन येळा जेवलीयास म्हणून?"

मॅडमनी त्या दिवशी पुस्तक मिटलं आणि सरासरी काय झाकते यावरच बोलत राहिल्या. मी ते सगळं उतरवून घेतलं. तू खिडकीबाहेर बघत होतीस. परीक्षेत मला तुझ्यापेक्षा जास्त गुण पडले आणि तू म्हणालीस, "वाक्य माजं, गुण तुला. ह्याची सरासरी काढ आता."

आणि शक्यता. तो धडा मी कसा लिहू? पण लिहिलाच पाहिजे, कारण सगळं तिथंच येऊन थांबतं. मॅडमनी पिशवीतून चिंचोके आणले होते. मुठीत घ्यायचे, समोरच्यानं एकी का बेकी सांगायचं, मूठ उघडून जोड्या लावायच्या. एक उरला तर एकी, नाही उरला तर बेकी. आपण लहानपणापासून खेळतोय. मॅडम म्हणाल्या, शक्यता निम्मी-निम्मी. तू लागोपाठ हरत गेलीस आणि म्हणालीस, "आता तरी माजं यील. इतक्या येळा हारले." मॅडम म्हणाल्या, "नाही मनीषा. आधी काय झालं ते मुठीला माहीत नसतं. चिंचोक्यांना आठवण नसते." तुला ते वाक्य फार आवडलं होतं. कुणी जुनी कुरापत काढली की तू म्हणायचीस, "चिंचोका हो, चिंचोका."

शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला गाडी बंद झाली. का, तर सरासरी प्रवासी कमी. सकाळची गाडी पोरींनी गच्च भरून जायची, पण दुपारची रिकामी पळायची. डेपोनं दोन्हींची बेरीज केली, भागलं आणि मुक्कामाची गाडीच काढून घेतली. मुक्काम गेला म्हणजे सकाळ गेली. दुपारची तेवढी राहिली, जी आपल्या कॉलेजच्या कामाची नव्हती. तू फाट्यावरच्या दगडावर बसून म्हणालीस, "बघ, आमच्या आयला जेवू घातलं ह्यांनी दोन येळा."

महिन्याभरात पोरी गळायला लागल्या. एकीचं लग्न ठरलं. दोघी घरी बसल्या. वाडीवरची तुझी बहीण सोनाली बारावीला होती, तिला बाबा म्हणाले, ताई शिकती तेवढं बास. तेव्हा मॅडमनी आपल्याला प्रकल्प दिला: मालेपासून वरच्या वाडीपर्यंत प्रत्येक घरात विचारा, सकाळची गाडी असेल तर शिकायला जाणाऱ्या मुली किती. आकडा आणा. भांडायचं तर आकडा घेऊन भांडा.

आपण रविवारी-रविवारी घरं फिरलो. कागदावर खुणा केल्या. बेरीज केली तर आकडा इतका लहान, की तो डेपोत नेला असता तर साहेबांनी दुपारचीही गाडी बंद केली असती. मी हादरले. याहून जास्त पोरी तर मी रोज नदीवर बघत होते. मी म्हटलं, लोक खोटं बोलतायत, त्यांना पोरी शिकवायच्याच नाहीत.

मग तुझं घर आलं. तुझी आई सुपात तांदूळ निवडत होती. शेजारी सोनाली.

"मावशी, घरात शिकनाऱ्या पोरी किती?"

"येकच हाय."

"मग ही कोण?"

मावशीनं सोनालीकडं बघितलंसुद्धा नाही. "हाय आपली." आणि तांदळात बोटं फिरवत राहिली.

खाली उतरताना तू पायवाटेवर मट्कन बसलीस आणि हसत सुटलीस. मला कळेना. तू डोळे पुसत म्हणालीस, "रुपे, समद्यांनी येक येक झाकली गं. पोरं मोजू नयेत, दिष्ट लागती. तुज्या घरात न्हाई म्हनत?" म्हणतात की. माझी आई भाकरी मोजत नाही, गुरं मोजत नाही. खळ्यावर पायली भरताना पहिलीला कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात: लाभ, दोन, तीन. आणि आपण दारात उभं राहून विचारत होतो, पोरी किती.

मी चिडले. शिकून काय उपयोग, ही अंधश्रद्धा, असं काहीतरी भाषण केलं. तू म्हणालीस, "श्रद्धा-अंधश्रद्धा मागनं बघू. आकडा चुकलाय का, ते बघ. आन् समद्या घरात येकाच बाजूला चुकलाय."

सोमवारी मॅडमना सांगितलं तर त्या खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, इकडं-तिकडं झालेली चूक बेरजेत मिटून जाते. एकाच बाजूला झुकलेली चूक मिटत नाही, साचत जाते. हे पुस्तकात वाचलं असतं तर मी विसरले असते. मी म्हटलं, मग प्रत्येक घराला एक वाढवू. तू माझ्यावर खेकसलीस, "जितं खरंच येक हाय तितं दोन करशील? खोटा आकडा न्हाई लिहायचा."

मग चिंचोके कुणाला सुचले? तू म्हणायचीस, मला. मी म्हणते, तुला. आता या वादात तू हरलीस, कारण मीच एकटी उरलेय आणि मी सांगणार, तुला. तू डालड्याचा जुना डबा आणलास आणि घरोघरी सांगितलंस, आम्ही कुणाला मोजत नाही. जिला सकाळच्या गाडीनं शिकाया जायचंय, तिनं आपल्या हातानं एक चिंचोका डब्यात टाकायचा. झालं. म्हाताऱ्यांना ते चाललं. चिंचोक्याला कसली दृष्ट? पोरी आतल्या घरातून बाहेर येऊ लागल्या. ज्या घरात एक होती तिथून दोघी-तिघी. एका आजीनं तर सुनेला ढकललं, "जा की गं, तुजं बारावीचं ऱ्हायलंय." सोनालीनं टाकला, तिच्यापाठोपाठ तू टाकलास. तुझी आई दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. अडवलं नाही.

मॅडमच्या टेबलावर आपण डबा ओतला. तू मोजायला बसलीस: "लाभ, दोन, तीन..." मॅडम म्हणाल्या, हे लाभ काय? तू म्हणालीस, "आमचा येक." किती भरले ते मी इथं लिहीत नाही. तुझ्या आईला चालणार नाही. पण एवढं सांगते, सकाळची गाडी भरून चार जणी उभ्या राहतील, एवढे.

आणि तिथंच आपलं भांडण झालं. तू म्हणालीस, अर्जाला नावंही जोडू. मी म्हटलं, नावं मागितली की घरं पुन्हा मिटतील. डेपोला आकडा पुरतो. तू म्हणालीस, "आकड्यात कोन दिसतं गं? चिंचोके कुणाचंबी असत्यात." मी म्हटलं, तेच तर बरं आहे, सगळ्या सारख्या. तू म्हणालीस, "न्हाई. सारख्या न्हाईत." मग तास सुरू झाला. आपण म्हटलं, मागनं बोलू.

डेपोत साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला. "चिंचोके?"

"व्हय साहेब," तू म्हणालीस. "डबा आणलाय. मोजून घ्या."

"अहो, पण गाडी होती तेव्हा एवढ्या मुली कुठं बसत होत्या?"

मी उत्तर पाठ केलं होतं. तक्ता काढला होता. तू मला बोलूच दिलं नाहीस. "साहेब, गाडी आठवड्यातनं दोनदा चुकायची. चुकली की ती पोरगी घरी, आन् घरी बसली की कायमची. गाडी असंल तेवढी माणसं बसत्यात. गाडी कमी केली की माणसं कमी, आन् माणसं कमी म्हणून तुमी गाडी काढनार. वाडीवरचं पानी हाय हे." साहेबांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, अहवाल वर पाठवतो. परतताना मी म्हटलं, चौकटीतलं वाक्य शेवटी कामाला आलं. तू म्हणालीस, "मामांनी पुसलं तरी."

अहवाल वर गेला. वर म्हणजे कुठं, ते आपल्याला माहीत नव्हतं. आपण वाट बघत राहिलो. तोवर रोजची सकाळ होतीच. पौडला दूध नेणाऱ्या तात्यांच्या टेम्पोत त्यांच्या शेजारी एकीची जागा असायची. दुसरीनं रस्त्यावर उभं राहून मिळेल त्या गाडीला हात करायचा. जागा कुणाची हे आपण एकी-बेकीवर ठरवत होतो. एक दिवस मी मूठ धरायची, एक दिवस तू. तात्या वैतागायचे, "अगं, दूध नासंल तुमच्या खेळात!"

त्या सकाळी मूठ माझी होती. तू आधीचे दोन-तीन दिवस हरली होतीस, रस्त्यावरच उभी राहत होतीस. तू हात चोळत म्हणालीस, "आज माजी पाळी. आज बेकी." मी मूठ उघडली. जोड्या लावल्या. एक उरला.

तू म्हणालीस, "आयला, परत?"

मी टेम्पोत चढता चढता म्हटलं, "चिंचोक्यांना आठवण नसती, मने."

तू हसलीस आणि मला मारायला चप्पल उचललीस. टेम्पो हलला.

हे मी तुला बोललेलं शेवटचं वाक्य. गणिताच्या दृष्टीनं ते बरोबर आहे.

वाडीकडचा ओळखीचा मुलगा मोटारसायकलवर पौडला निघाला होता, त्याच्या मागं तू बसलीस. वळणावर डंपरमधली खडी सांडलेली. तो मुलगा बाजूच्या झाडीत पडला, वाचला. मी वर्गात तुझी जागा धरून बसले होते. बाकावर माझी ओढणी पसरून.

मने, मला आता खरं सांगायचंय. हे तीन महिने मी काही शिकलेली बाई नाही. मी दिवसातून कितीदा तरी मूठ मिटते आणि उघडते. त्या सकाळी मुठीत चार का घेतले नाहीत मी? एक चिंचोका जास्त, एक कमी. मॅडम माझ्या घरी आल्या, आईच्या हातचा चहा प्याल्या, आणि म्हणाल्या, "रूपाली, यात तुझा दोष नाही. निम्मी शक्यता होती." मी म्हटलं, मॅडम, दोष नाही हे मला माहीत आहे. दोष असता तर बरं झालं असतं, धरायला काहीतरी हाताला लागलं असतं. तुमच्या शक्यतेत धरायला काहीच नाही.  

तुला न्यायच्या दिवशी आमच्या आळीतली एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "पोरी मोजीत फिरत व्हत्या. मोजलं की येक जातीच." माझी आई तिथंच होती. मीही होते. मला म्हणायचं होतं, आजी, पोरी नाही मोजल्या, चिंचोके मोजले. मला म्हणायचं होतं, एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळं दुसरं घडलं असं नसतं, हा आमचा पाचवा धडा.  तू असतीस तर म्हणाली असतीस, "आजे, तुजी गुरं तर कुणी मोजली न्हवती, मग ती का गेली?" आणि मयतीत हशा पिकला असता. पण तुझ्या मयतीत तू नव्हतीस.

आणि ऐक, तो पाचवा धडा मला सुखानं रडूही देत नाही. म्हातारीला जे सांगायचं तेच मला लागू पडतं. मी रोज म्हणते, गाडी असती तर मनी वाचली असती. गाडी बंद झाली, मग मनी गेली. एकामागून एक. मग एकामुळंच ना? की मीही म्हातारीसारखीच काहीतरी धरून बसलेय? परीक्षेत हा प्रश्न आला असता तर मी 'पुरेसा पुरावा नाही' असं लिहून पूर्ण गुण मिळवले असते. पण घरी, आमच्या त्या पत्र्याच्या दाराशी बसले की मला पुरावा नको असतो. मला तू पाहिजे असतेस.

तुझे दिवस झाल्यावर सोनाली खाली आली. म्हणाली, आईनं डबा मागितलाय. ताईचा चिंचोका पाहिजे.

मी डबा घेऊन वाडीवर चढले. मावशीनं सूप पुढं केलं. तेच सूप. मी ओतले. ती एकेक उचलून उजेडात धरायला लागली. काळे, तपकिरी, एखादा किडलेला. बराच वेळ.

"ह्यातला तिचा कंचा, रुपे?"

"न्हाई सांगता येत, मावशी."

"तुमी शिकल्याला ना गं? खूण केली नसंल काय?"

"न्हाई केली."

तेव्हा मला तुझं भांडण कळलं, मने. 'चिंचोके कुणाचंबी असत्यात.' नावं लिहिली असती तर आज एका नावावर बोट ठेवता आलं असतं. पण नावं मागितली असती तर सोनाली घरातून बाहेर आली नसती, हेही खरं. मी अजून तुझं पूर्ण मान्य करत नाही. आपण दोघीही बरोबर आहोत, आणि आता हे मिटवायला तू येणार नाहीस.

मी मावशीला सांगितलं, डेपोतून नवा कागद मागितलाय, आकडा पुन्हा लिहून द्यायचाय. मला एक कमी लिहावा लागेल.  खोटा आकडा न्हाई लिहायचा, असं तूच खेकसली होतीस.

मावशीनं सूप खाली ठेवलं. मग तिनं ओंजळीनं सगळे चिंचोके परत डब्यात भरले. किडलेलासुद्धा. झाकण दाबून बसवलं.

"कागदावर काय लिव्हायचं ते तू लिव्ह," ती म्हणाली. "डब्यातला येकबी कमी करायचा न्हाई."

मी कागदावर एक कमी लिहिला. डब्यात आहेत तेवढेच आहेत.

पुढं काय झालं ते तुला कळायला हवं. डेपोचा निरोप आला, मुक्कामाची गाडी पुन्हा सुरू. गावात पेढे वाटले. मी खाल्ला नाही. मी मॅडमना विचारलं, साहेबांनी आपला आकडा बघून गाडी दिली, की मनी गेल्याची बातमी वाचून? मॅडम म्हणाल्या, दोन्ही एकाच वेळी घडलं, वेगळं काढता येणार नाही. म्हणजे एवढ्या पोरींनी हातानं टाकलेल्या चिंचोक्यांनी झालं की तुझ्या एकटीच्या जाण्यानं, हे मला मरेपर्यंत कळणार नाही. तुझ्या जाण्यानं झालं असेल तर मला ती गाडी नको आहे. हे मी लिहितेय, आणि परीक्षा संपेपर्यंत रोज सकाळी त्याच गाडीनं गेलेय. तू हसशील. हस.

तुझे मी आभार कधी मानले नाहीत. तू मला प्रश्न मोठ्यानं विचारायला शिकवलंस. मी उत्तरं लिहून गुण घेणारी पोरगी होते. कुणी साहेब आकडा तोंडावर फेकेल तेव्हा "कशाला कशानं भागलंय?" असं विचारायचं असतं, हे मॅडमच्या पुस्तकात होतं, पण मला ते तुझ्या तोंडून ऐकू आलं. परवा आईसाठी औषध आणलं. बाटलीवरचं वाचून, मापाच्या झाकणातली रेघ बघून तिला पाजलं. आई म्हणाली, "रेघेएवढंच? अंदाजानं जरा जास्ती दे की." मी म्हटलं, अंदाज पण शिकावा लागतो, आई. आणि मग मला तुझी इतकी आठवण आली की मी बाटली घेऊन मागच्या अंगणात गेले.

चिंचोक्यांना आठवण नसते. ती सगळी माझ्याकडं आली.

मी बी.ए. झाले. गणिताचा पेपर सुटला. सोनालीला आपल्याच कॉलेजात प्रवेश मिळाला. सकाळची गाडी फाट्यावरून वेळेवर सुटते आणि भरून जाते.